सवलत मिळते, वाचायला कोण शिकवणार?

‘एलडी’ म्हणजे अध्ययन अक्षमता. ही दोन अक्षरं मराठी पालकांच्या कानावर पहिल्यांदा पडतात ती बहुतेक वेळा आठवी-नववीत. मूल दोन-तीन विषयांत गटांगळ्या खायला लागलेलं असतं, क्लास लावून झालेले असतात, ‘अभ्यासात लक्षच नाही’ हे घरादाराचं म्हणून झालेलं असतं. मग कुणीतरी सुचवतं की एकदा टेस्ट करून बघा, दहावीला सवलत मिळते. तिथून धावपळ सुरू होते. सरकारी रुग्णालयातली तारीख, बुद्ध्यांक चाचणी, शैक्षणिक चाचणी, प्रमाणपत्र, शाळेमार्फत मंडळाकडे जाणारा अर्ज. या फेऱ्यांमध्ये एक प्रश्न बाजूला पडतो. या मुलाला वाचता यावं यासाठी आता कोण काय करणार?

सवलतींच्या बाबतीत महाराष्ट्र मागे नाही, हे आधी मान्य करायला हवं. शालान्त परीक्षेत अध्ययन अक्षमतेसाठी सवलती देण्याचा निर्णय राज्य सरकारने 1996 मध्येच घेतला. वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एखाद्या भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित आणि कार्यानुभव अशी ती यादी होती. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. केंद्राच्या 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात तेव्हा या अडचणीचा उल्लेखही नव्हता. तो आला थेट 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात, एकवीस प्रकारांपैकी एक म्हणून. पुढे 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्राची वयंही ठरवली: पहिली तपासणी आठव्या वर्षी, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा.

न्यायालयंही मुलांच्या बाजूने उभी राहिली. 2021 मध्ये ‘विकास कुमार’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नीट परीक्षेचं एक प्रकरण आलं. डिस्ग्राफिया (लेखनाची अक्षमता) असलेल्या विद्यार्थिनीला केंद्रावर जादा तास मिळाला नव्हता. न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला दोषी ठरवलं आणि तिच्यावरचा अन्याय कसा दूर करणार ते ठरवा असं बजावलं, पण फेरपरीक्षा काही मिळाली नाही. हक्क कागदावर असणं आणि केंद्रप्रमुखाला तो माहीत असणं यांत किती अंतर असतं, ते यातून दिसतं.

एवढं सगळं असूनही माझी तक्रार आहे. आपली बहुतेक शक्ती परीक्षेच्या टोकाला खर्च होते. ज्या वयात वाचन घडतं किंवा बिघडतं, त्या सहा ते नऊ वर्षांच्या वयात मराठी माध्यमातल्या मुलाच्या वाट्याला फार थोडं येतं. साधनांचा आढावा घ्यायचा तर तो म्हणूनच पहिली-दुसरीच्या वर्गापासून घ्यायला हवा.

मराठी वाचताना मूल नेमकं कुठे अडतं? ‘मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, मग अवघड काय’ असं आपण सहज म्हणून जातो. एका ‘र’कडे बघा. ‘रस’मध्ये तो उभा आहे. ‘सूर्य’मध्ये तो ‘य’च्या आधी ऐकू येतो, पण बसतो ‘य’च्या डोक्यावर. ‘चक्र’मध्ये ‘क’च्या पायाशी तिरकी रेघ होतो, ‘राष्ट्र’मध्ये ‘ट’खाली टोपीसारखा लटकतो आणि ‘वाऱ्यावर’मध्ये आणखी वेगळा. एका ध्वनीचे हे पाच वेश. ‘कार्यक्रम’ या एका शब्दात त्यातले दोन लागोपाठ येतात. पहिल्या वेलांटीचीही तीच तऱ्हा. ‘किल्ला’ वाचताना डोळ्याला आधी वेलांटी भेटते, तोंडाला मात्र आधी ‘क’ म्हणायचा असतो. डावीकडून उजवीकडे अक्षर-अक्षर जोडत जाणाऱ्या मुलाला इथे थांबून, मागे येऊन, क्रम उलटवावा लागतो. त्यावर ‘च’ आणि ‘ज’चे दोन-दोन उच्चार, शेवटचा न उच्चारला जाणारा ‘अ’, ऱ्हस्व-दीर्घाचे नियम. ज्याच्या मेंदूला ध्वनी सुटे करून चिन्हांशी बांधणं मुळातच जड जातं, त्याला हे सगळं एकदम पेलत नाही.

पण मराठी मुलाची अडचण लपते ती याच लिपीमुळे. इंग्रजीत तेच अक्षर दहा तऱ्हांनी वाचलं जातं, त्यामुळे डिस्लेक्सिया (वाचनाची अक्षमता) असलेलं मूल चुकीचं वाचतं आणि लगेच उघडं पडतं. लेखन आणि उच्चार यांचा मेळ असलेल्या भाषांत ते बऱ्यापैकी बरोबर वाचतं, पण फार हळू. इटालियन, फ्रेंच आणि इंग्रज प्रौढांची तुलना करणाऱ्या 2001 च्या एका गाजलेल्या अभ्यासात हेच दिसलं: मेंदूतला फरक तिघांत सारखा, वाचनातल्या चुका मात्र इटालियनांत कमी. आपल्याकडे ओळीवर बोट ठेवून, दमून, कसंबसं शेवटापर्यंत पोचणाऱ्या मुलाला बाई ‘वाचता येतं, पण सावकाश’ असा शेरा देतात. वाचून झाल्यावर काय वाचलं ते त्याला सांगता येत नाही, कारण सगळं बळ अक्षरं जुळवण्यातच संपलेलं असतं. श्रुतलेखनात ‘विद्यार्थी’चं ‘वीधाथी’ होतं, त्याला ‘निष्काळजीपणा’ म्हणतात. महाराष्ट्रात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तिथे मूल सपशेल आपटतं, आणि निष्कर्ष निघतो की ‘याचं इंग्रजी कच्चं आहे’.

मग ओळखायचं कसं? मराठीसाठी खास घडवलेलं एक साधन आहे, आणि ते फार कमी शाळांना ठाऊक आहे. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथे नंदिनी चटर्जी सिंग यांच्या पुढाकाराने ‘डाली’ हा चाचण्यांचा संच तयार झाला. त्यात हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीसाठी स्वतंत्र चाचण्या आहेत. शिक्षकांनी भरायच्या प्राथमिक तपासण्या पहिली-दुसरी आणि तिसरी ते पाचवी अशा दोन गटांसाठी आहेत, आणि मानसशास्त्रज्ञांनी घ्यायची सविस्तर चाचणी वेगळी. मराठी मुलाला इंग्रजी शब्द वाचायला देऊन त्याची मराठीतली अडचण मोजायची, हा प्रकार थांबवायला हे साधन उपयोगी आहे. दुसरं साधन एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’. ही 2022 मध्ये आलेली पुस्तिका आणि अ‍ॅप सर्व एकवीस प्रकारांसाठी आहे. पहिला भाग वर्गशिक्षकाने भरायचा, दुसरा विशेष शिक्षकाने. ते निदान करत नाही, फक्त कुणाकडे नीट लक्ष द्यायचं ते सुचवतं. सुचवून झाल्यावर पुढे कुणाकडे पाठवायचं, याचं उत्तर मुंबई-पुण्यात एक आणि गडचिरोलीत दुसरं.

इथे एक अवघड गोष्ट मधे येते. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणी अहवालांमुळे आपल्याला आता माहीत आहे की पाचवीतली कितीतरी मुलं दुसरीचा उतारा वाचू शकत नाहीत. ही सगळी डिस्लेक्सियाची मुलं नव्हेत. बहुतेकांना कुणी नीट शिकवलेलंच नाही. जगभरचे अभ्यास डिस्लेक्सियाचं प्रमाण साधारण पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान सांगतात. न शिकवलेलं मूल आणि शिकवूनही न येणारं मूल वरून सारखंच दिसतं. दोघांना वेगळं करण्याचा खात्रीचा मार्ग एकच आहे: काही महिने पद्धतशीर शिकवा आणि बघा. ज्याला शिकवलंच नव्हतं तो झपाट्याने वर येतो. दुसऱ्याला तेच, पण कितीतरी जास्त वेळा आणि सुटं सुटं करून द्यावं लागतं. म्हणजे चांगलं वाचन-शिक्षण हेच पहिलं उपचाराचं आणि पहिलं निदानाचंही साधन ठरतं. पुढचं सगळं तंत्रज्ञान त्याच्या नंतर येतं.

पद्धतशीर म्हणजे काय, तर 1930 च्या दशकात अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि अ‍ॅना गिलिंगहॅम यांनी घालून दिलेली वाट आजही बहुतेक रेमेडियल (उपचारात्मक) शिक्षणाच्या मुळाशी आहे. ध्वनी आणि चिन्ह यांचं नातं उघड सांगायचं, सोप्यापासून अवघडाकडे पायरीपायरीने जायचं, आणि डोळा, कान, हात यांना एकदम कामाला लावायचं. मराठीत असं सत्र कसं दिसतं? टेबलावर चार-पाच बटणं असतात. बाई ‘कमळ’ म्हणतात, मूल एकेका आवाजाला एकेक बटण पुढे सरकवतं. मग ‘क’ काढून टाक, काय उरलं? ‘मळ’. अजून पाटी आलेली नाही, हे सगळं कानाने चाललं आहे. त्यानंतर ताटात पसरलेल्या रांगोळीत बोटाने ‘म’ काढायचा, काढताना मोठ्याने म्हणायचा. मग ‘मि’. इथे बाई वेलांटी वेगळ्या रंगाच्या पट्टीवर देतात. मूल ‘म’ ठेवतं, तोंडाने ‘मि’ म्हणतं आणि मगच वेलांटी उचलून ‘म’च्या आधी आणून लावतं. शेवटी पुठ्ठ्याला कापलेल्या खिडकीतून एकच ओळ दिसेल असं करून चार वाक्यं वाचायची. हे आठवड्यातून तीन-चारदा आणि दोन-तीन वर्षं करावं लागतं. ‘तारे जमीन पर’मध्येही वाळूतली अक्षरं आणि मातीची अक्षरं होती, पण 2007 च्या त्या सिनेमात हा सगळा काळ एका गाण्यात आटोपला, आणि बऱ्याच पालकांच्या मनात तेवढाच हिशेब राहिला.

याला लागणारी मराठी पद्धत शून्यातून उभी करायची गरज नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी 1984 मध्ये प्रगत शिक्षण संस्था सुरू केली, आणि तिथे वाचन शिकवण्याची एक शहाणी रीत घडली. सगळी वर्णमाला, मग सगळी बाराखडी, मग जोडाक्षरं, असा लांबचा पल्ला न धरता थोडी अक्षरं आणि थोडी स्वरचिन्हं एकत्र घ्यायची, म्हणजे पहिल्या काही आठवड्यांतच मूल अर्थ असलेले शब्द वाचतं. पालघर जिल्ह्यात सोनाळे इथे नीलेश निमकर यांच्या ‘क्वेस्ट’ने 2007 पासून प्राथमिक शाळांबरोबर भाषाशिक्षणाचं काम केलं आहे. या दोन्ही ठिकाणचं काम डिस्लेक्सियासाठी म्हणून सुरू झालेलं नाही, पण डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला सगळ्यात जास्त गरज अशाच रचनेची असते. रेमेडियलचा अनुभव असलेले शहरी विशेष शिक्षक बहुतेक इंग्रजीतून शिकलेले, आणि मराठी वाचन-शिक्षणाचा अनुभव असलेले लोक ग्रामीण शाळांत. या दोघांनी एका टेबलावर बसायला हवं, आणि ते फारसं घडलेलं मला दिसत नाही.

वाचायला काय द्यायचं, हा पुढचा प्रश्न. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, फुकट आहेत आणि छापून घेता येतात. तिथल्या पहिल्या पातळीची चित्रकथा नववीतल्या मुलाला देऊ नका, तो अपमान समजेल, आणि त्याचं बरोबरच असेल. मोठ्या वयाला साजेसा विषय आणि सोपी अक्षररचना अशी पुस्तकं मराठीत जवळजवळ नाहीत. मला विचाराल तर एखाद्या प्रकाशकाने या एका पोकळीवर नेटाने काम केलं तरी दहा अ‍ॅपांचं काम होईल.

अ‍ॅपांकडे येऊ. गूगलचं ‘रीड अलाँग’ 2019 मध्ये भारतात ‘बोलो’ नावाने आलं आणि पुढे त्यात मराठीही आली. मूल मोठ्याने वाचतं, अ‍ॅप ऐकतं, अडलेला शब्द म्हणून दाखवतं. कुणी हसत नाही, कुणी ‘पटपट’ म्हणत नाही. ज्याला अक्षरं येतात पण वेग नाही, त्याच्या सरावाला हे चांगलं. ज्याला अक्षरंच येत नाहीत त्याला हे शिकवू शकत नाही.

मोठ्या मुलांसाठी खरी कामाची सोय म्हणजे फोनकडून वाचून घेणं. अँड्रॉइडवर मराठी आवाज उपलब्ध आहे. निवडलेला मजकूर तो वाचून दाखवतो, आणि छापील पानाचा फोटो काढला तर गूगल लेन्स त्यातली देवनागरी ओळखून मजकूर देतं. अडचण येते ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत बनवलेल्या पीडीएफची. डोळ्याला ‘इतिहास’ दिसतो, आणि फोन भलत्याच रोमन अक्षरांची बाराखडी वाचतो. शाळांच्या नोट्स आणि प्रश्नसंच आजही अशा फाँटांत टाइप होतात. टायपिंग करणाऱ्या शिक्षकाने युनिकोड वापरला तर एका वर्गातल्या दोन-तीन मुलांचा अभ्यास सोपा होईल, आणि त्याला पैसाही लागत नाही.

लिहिण्यासाठी बोलून टाइप करण्याची सोय मराठीत 2017 पासून आहे. मला त्याहून मोलाचा वाटतो साधा कीबोर्ड. ‘कि’ टाइप करताना आधी ‘क’ दाबावा लागतो, मग वेलांटी, आणि पडद्यावर वेलांटी आपणहून उडी मारून ‘क’च्या आधी जाऊन बसते. ‘सूर्य’ लिहिताना आधी ‘र’, मग पाय मोडायचा, मग ‘य’. ‘र’ आपोआप ‘य’च्या डोक्यावर चढतो. म्हणजे युनिकोडमध्ये अक्षरं कानाच्या क्रमाने जातात. कागदावर ज्या मुलाचा क्रम सतत चुकतो, त्याला आवाजाचा क्रम आणि चित्राचा क्रम यांतला फरक इथे बोटाखाली दिसतो. रेमेडियल शिकवणाऱ्यांनी हा खेळ जरूर करून बघावा.

छपाईबद्दल थोडं. डिस्लेक्सियासाठी म्हणून बनवलेले ‘ओपनडिस्लेक्सिक’सारखे फाँट बरेच गाजले. 2017 च्या एका अभ्यासात त्यामुळे वाचनाचा वेग किंवा अचूकता वाढलेली दिसली नाही, आणि ते रोमन लिपीचे असल्याने मराठीचा प्रश्नच येत नाही. फायदा दिसतो तो अक्षरांमधली जागा वाढवल्याने. 2012 मध्ये इटालियन आणि फ्रेंच मुलांवर झालेल्या प्रयोगात हे आढळलं. देवनागरीत मला ओळींमधल्या अंतराचं महत्त्व जास्त वाटतं, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत घुसतात. ‘मुक्ता’सारखा मोकळा, फुकट मिळणारा फाँट, मोठा आकार, दीडपट ओळ-अंतर एवढं पुरतं. जोडाक्षरांचा घोळ मात्र आपणच घालून ठेवला आहे. पाठ्यपुस्तकात ‘विद्‌यार्थी’ असा पाय मोडून छापलेला शब्द असतो, वर्तमानपत्रात आणि दुकानाच्या पाटीवर ‘विद्यार्थी’. मोडून दाखवलेलं रूप शिकणाऱ्या मुलाला सोपं जातं. पण बाहेरचं रूप त्याला कुणीतरी वेगळं शिकवावं लागतं, आणि ते शिकवणं राहून जातं.

रंगीत चष्मे, रंगीत पारदर्शक कागद, डोळ्यांचे व्यायाम यांवर पैसे घालवू नका. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्ररोग तज्ज्ञांच्या संघटनांनी 2009 मध्येच संयुक्त निवेदन काढून सांगितलं की या उपायांना पुरावा नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या ‘मिडब्रेन’ क्लासबद्दल तर बोलायलाही नको.

वाचनाचा वेग वयाच्या मागे राहिला तरी डोकं मागे राहू द्यायचं नसेल तर कान मोकळे ठेवायला हवेत. स्टोरीटेल 2017 मध्ये भारतात आलं आणि त्यामुळे मराठीत ऐकायच्या पुस्तकांची मोठी रांग उभी राहिली. पुस्तक ऐकणं म्हणजे आळस, हा समज घरातून गेला पाहिजे. शब्दसंपत्ती आणि वाक्यरचना कानानेही येते. ‘सुगम्य पुस्तकालय’ हे 2016 मध्ये सुरू झालेलं सरकारी ऑनलाइन ग्रंथालय छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी आहे. अंध व्यक्तींचं म्हणून ते ओळखलं जातं, त्यामुळे एलडीच्या मुलांचे पालक तिकडे फिरकत नाहीत. पण छापील मजकुराची अडचण म्हणजे केवळ अंधत्व नव्हे. 2013 च्या मर्राकेश करारात वाचनाची अक्षमताही धरली आहे, आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. त्याआधी 2012 मध्येच आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन दिव्यांग व्यक्तीसाठी पुस्तकाचं सुलभ रूप तयार करायला परवानगी मिळाली. आजीने नातवासाठी बालभारतीचं पुस्तक फोनवर वाचून ठेवलं, किंवा एखाद्या संस्थेने नफा न घेता असे धडे मुलांना दिले, तर ते चोरी ठरत नाही. शाळेतल्या पालक गटाने धडे वाटून घेतले तर एका सुट्टीत वर्षभराचं काम होऊ शकतं.

आणि शेवटी पुन्हा परीक्षा, कारण ती टळत नाही. रायटर, म्हणजे लेखनिक, मिळाला की प्रश्न सुटला असं मानलं जातं. पण उत्तर सांगून लिहवून घेणं हे स्वतःच एक कौशल्य आहे. लेखनिक बहुधा खालच्या इयत्तेतला असतो. विरामचिन्हं, परिच्छेद, समीकरणातला कंस, नकाशातलं ठिकाण, हे सगळं त्याला शब्दांत सांगावं लागतं, तेही घड्याळाकडे बघत. ज्या मुलाने आयुष्यात कधी कुणाला तीन ओळी सांगून लिहवून घेतलेल्या नाहीत, त्याला मार्चमध्ये अनोळखी मुलाशेजारी बसवलं की वाढीव वेळ गोंधळ निस्तरण्यातच जातो. शाळांनी सातवीपासून घटक चाचण्यांना रायटर आणि जादा वेळ द्यावा, त्याच्याबरोबर सराव करून घ्यावा. त्यासाठी मंडळाच्या परवानगीची वाट बघायची गरज नाही. मुख्याध्यापकांची सही पुरते.